दुपारी बरी असणारी मुलगी

माझा आजार पहाटे यायचा आणि डॉक्टर अकरा वाजता बसायचे. आमच्या घरात वर्षभर जो घोळ चालला त्याचं मूळ एवढंच आहे, बाकी सगळं त्याला चिकटलेलं पाल्हाळ.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आमचं गाव अमरावतीहून तिवशाकडे जाताना रस्त्याच्या थोडं आत आहे. ओलिताचं वावर, त्यात वांगी, भेंडी आणि सांबार. सांबार म्हणजे पुण्याची कोथिंबीर. पुण्याच्या लोकांना हे दर वेळी सांगावं लागतं. भाजीवाल्याच्या घराला सकाळ नसते. बाबा पहाटे चारला माल घेऊन अमरावतीच्या मार्केटला निघायचे, कारण हर्रास उजाडायच्या आधी सुरू होते आणि उशिरा पोचलेल्या वांग्याला कुणी बोली लावत नाही. आई बायांसोबत तोडणीला वावरात. त्यामुळे मी उठायचे तेव्हा घरात कुणीच नसायचं. भिंतीला भिंत लागून मोठी आई राहायची, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मला उठवणं, आंघोळ घालणं आणि शाळेत हाकलणं तिच्याकडे होतं. ते ती तिच्या इतर कामांच्या जोडीनं आणि त्याच आवाजात करायची.

मी उठले की उजवा गुडघा वाकलेला असायचा तो वाकलेलाच राहायचा. दोन्ही मनगटं अडकलेली. दुखायचं त्यापेक्षा अडायचं जास्त, पावसाळ्यात फुगलेलं दार अडतं तसं. भिंत धरत मोरीपर्यंत जायचं, तांब्या दोन्ही हातांनी धरायचा, वेणीसाठी हात वर जात नाहीत म्हणून मान खाली घालायची. मग हळूहळू सुटायला लागायचं. दहापर्यंत मी बरीचशी माणसात यायचे, दुपारी धावायचे, आणि संध्याकाळी अंगणात लंगडी खेळायचे. ही लंगडी मला फार महागात पडली. मी ती चांगल्या पायावर खेळायचे, हे कुणी पाहिलं नाही.

"कामाची चोर हाय पोट्टी," मोठी आई सांगायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं. "सकायी मोरी धुवाची म्हटलं का हिचा पाय दुखते. बोरं तोडाले म्हटलं का सगळ्याइच्या पुढे पयते."

आरोपात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

शाळेत मांडी घालून बसावं लागायचं. तासभर बसलं की गुडघा परत अडायचा, आणि मधल्या सुट्टीत सगळी पोरं बाहेर गेल्यावर मी भिंतीला धरून उठायचे. शनिवारी शाळा सकाळची. त्या दिवशी मी हमखास उशिरा पोचायचे आणि गुरुजी मला शिक्षा म्हणून दाराशी उभं करायचे. गुरुजींना वाटायचं ते मला वळण लावताहेत. मांडी घालण्यापेक्षा उभं राहणं मला इतकं सोयीचं होतं की त्या वर्षात माझ्या पायावर जे काही उपचार झाले त्यांत सगळ्यात गुणकारी तोच होता.

बाबा वाईट नव्हते. त्यांनी मला कधी चापट मारली नाही. पण त्यांचा शब्दावर विश्वास नसायचा, डोळ्यावर असायचा. दुकानदारानं कितीही छातीठोक सांगितलं तरी ते मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून उगवून बघायचे आणि मगच पेरायचे. आणि त्यांच्या डोळ्याला जे दिसायचं ते असं: अकरा-साडेअकराला मार्केटहून परत यावं तर सकाळी पाय दुखतो म्हणणारी मुलगी सुट्टीच्या दिवशी कुंपणावरून उडी मारते आहे. "दुखते म्हणे," असं ते म्हणायचे, आणि त्यातला तो 'म्हणे' मला गुडघ्यापेक्षा जास्त लागायचा. मला औषध नको होतं. कडू औषधांची मला भीतीच होती. मला फक्त एवढं हवं होतं की बाबांनी एकदा म्हणावं, हो, हिचं दुखतं.

तरी आईच्या कटकटीमुळे त्यांनी मला अमरावतीला दाखवलं. एसटीनं जाऊन, नंबर लावून, बाकावर बसून आमची पाळी आली तेव्हा एक वाजला होता. डॉक्टर म्हणाले, "चालून दाखव बेटा." मी चालून दाखवलं. परका माणूस बघत असला की मुलं नीट चालतात, आणि मी तर स्नेहसंमेलनात चालल्यासारखी चालले. हाडकुळ्या मुलीचा गुडघा मोठाच दिसतो, त्यामुळे सूज कुणाच्या नजरेत भरली नाही. वाढीचं दुखणं आहे म्हणाले आणि कॅल्शियमची गुलाबी बाटली दिली. ती चवीला चांगली होती.

दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त काढलं. मोठ्या माणसांच्या संधिवाताची असते ती तपासणी केली आणि ती नॉर्मल आली. लहान मुलांच्या संधिवातात ती बहुतेकदा नॉर्मलच येते, हे मला फार पुढे कळलं. बाबांनी तो रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि गावात ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, "हिले काई नाई. मशीननं पायलं." त्या दिवसापासून मी खोटारडी आहे हे सरकारदरबारी नोंदवल्यासारखं झालं.

मजा अशी की मला काही झालेलं नाही यावर एकमत असूनही उपचार थांबले नाहीत. पहिला घाव वांग्यावर पडला. वांगं वातूळ, सबब बंद. आमचं अख्खं घर वांग्यावर चालत होतं आणि मी वांग्याकडे बघायचं नाही. मग जो पाहुणा येई तो एकेक पदार्थ बंद करून जाई. एकानं दही बंद केलं, एकानं केळं, कुणी चिंच, कुणी हरभऱ्याची डाळ. अंजनगावहून आलेल्या एका मामांनी तर कधी न खाल्लेली सीताफळंही बंद केली, खबरदारी म्हणून. शेवटी ज्वारीची भाकर आणि मुगाचं वरण एवढं उरलं. आणखी एक पाहुणा आला असता तर तेही गेलं असतं.

मग मोठ्या आईनं बिब्बा आणला. तो गरम करून तिनं माझ्या गुडघ्याभोवती गोल काढला. दुसऱ्या दिवशी त्या गोलावर फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले, आणि बाबा मला परत डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी फोड पाहिले, फोडांचं मलम दिलं, आणि मोठ्या आईला उद्देशून बाबांना चांगलं झापलं. गुडघ्याबद्दल बोलायला वेळ उरला नाही. पोरीला दुखतच नाही म्हणणारी आणि दुखण्यावर बिब्बा लावणारी बाई एकच होती, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं, पण आठ वर्षांच्या मुलीनं असं बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही.

माझी आत्या अकोल्याला दिलेली. तिच्या शेजारच्या मुलाचा दमा एका डॉक्टरीणबाईंनी आटोक्यात आणला होता, तेव्हापासून आत्याच्या मते जगातला कुठलाही आजार त्या बाईंच्या हाताबाहेरचा नव्हता. मे महिन्यात तिनं फोनवर बाबांना सुनावलं, "दादा, पोरीले इकडे आन. तुया मार्केटाले एक दिवस सुट्टी देल्ल्यानं काई वांगे रडनार नाई." बाबांनी कुरकुर केली, माल मोठ्या काकांच्या हवाली केला, आणि आम्ही दोघं बडनेऱ्यावरून मूर्तिजापूर करत अकोल्याला गेलो. पोचलो तेव्हा दुपार. दवाखान्यात नंबर लागला तेव्हा भरदुपार. अकोल्याच्या मे महिन्यातली भरदुपार म्हणजे माझे सगळे सांधे लोण्यासारखे सुटलेले. मनात म्हटलं, संपलं, इथंही चालून दाखवायचं आणि गुलाबी बाटली घेऊन घरी जायचं.

पण डॉक्टरीणबाईंनी मला चालायला सांगितलंच नाही. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर पालथा हात ठेवला, आळीपाळीनं. मला झोपवून टेपनं दोन्ही पाय मोजले. बोटं वळवून पाहिली. आणि मग बाबांना विचारलं, "सकाळी उठल्यावर कशी असते ही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"सकाळी," त्या परत म्हणाल्या. "झोपेतून उठते तेव्हा."

"सकायी मी मार्केटात असतो," बाबा म्हणाले.

"आणि हिची आई?"

"वावरात."

"मग सकाळी हिला बघतं कोण?"

बाबांनी खूप विचार केला. "ते आपली आपली उठते," ते म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, कारण ते टोपी काढून परत घालायला लागले.

बाईंनी औषध लिहिलं नाही. म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला आणा. झोपेतून उठल्या उठल्या, आहे तशी. चोळायचं नाही, शेकायचं नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही." बाबा म्हणाले, हर्रास असते. बाई म्हणाल्या, असू दे.

आता खरी पंचाईत माझी झाली. वर्षभरात पहिल्यांदा बाबा माझी सकाळ पाहणार होते, आणि ती एकच सकाळ होती. उद्या नेमकं मला बरं वाटलं तर? उन्हाळ्यात तसंही माझं दुखणं कमी असायचं. काही दिवस तर अगदीच हलके जायचे. उद्याचा दिवस तसला निघाला तर बाबा मला पिशवीतल्या रिपोर्टासकट घरी नेणार आणि पुन्हा जन्मात कुणी मला दवाखान्यात नेणार नाही. मी देवाकडे कळकळीनं दुखणं मागितलं. बाकीच्या मुली पास होणं मागतात.

पण देवावर सगळं सोपवून बसणारी मी नव्हे. आत्याच्या घरी एक मोठा पत्र्याचा कूलर होता. त्याच्या तोंडासमोरची जागा म्हणजे मे महिन्यातल्या अकोल्यात राजाची गादी, त्यावरून घराघरांत भांडणं होतात. मला त्या ओल्या वाऱ्याचा तिटकारा होता. त्यानं सकाळी अंग आणखी आखडतं असा माझा अनुभव. थंडीनं हा आजार होत नाही, काहींना आखडल्यासारखं वाटतं इतकंच, असं डॉक्टर सांगतात, पण तेव्हा मला डॉक्टरांचं मत माहीत नव्हतं, फक्त माझ्या गुडघ्याचं माहीत होतं. मी आत्याला म्हटलं, मला कूलरपुढं झोपायचं आहे. आत्याला माझं फार कौतुक वाटलं. तिनं माझी गादी अगदी जाळीला लावली. बाबांना पलीकडच्या भिंतीशी जागा मिळाली आणि ते घामानं चिंब झाले.

सकाळी जाग आली आणि मी डोळे उघडायच्या आधी गुडघा हलवून पाहिला. हलला नाही. मनगटं पाहिली. तीही नाही. मला इतका आनंद झाला की रडू आलं.

"चाल वं, उठ," बाबा म्हणाले. ते कपडे घालून तयार होते. "सात वाजता बोलावलं हाय."

"उठता येत नाही."

"कावून?"

वर्षभर बोलून झालं होतं. बाबा खाली बसले. त्यांनी माझा उजवा पाय धरला आणि गुडघा सरळ करायला गेले. तो झाला नाही. त्यांनी थोडा जोर लावला, मी ओरडले, तसा त्यांनी हात काढून घेतला. मग त्यांनी डावा गुडघा सरळ करून पाहिला. तो झाला. पुन्हा उजव्यावर हात ठेवला, आणि या वेळी तो तसाच ठेवला, बराच वेळ. "तपून राहिला हा तं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे, खोलीत आम्ही दोघंच होतो.

मग त्यांनी मला खांद्यावर घेतलं. आठ वर्षांची घोडी, भर रस्त्यातून बापाच्या खांद्यावर. मला लाज वाटली, पण उतरावंसं वाटलं नाही.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी मला उभं करायचा प्रयत्न केला, मी पलंगाला धरून वाकडी उभी राहिले. बाबा बघत होते. मग ते माझ्याकडे वळले. "रोज असते काय हे?"

"हो."

"मंग सांगतलं कावून नाई?"

आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं सणकतं. मी तोंड उघडणार होते, पण बाईच म्हणाल्या, "सांगतच असेल ती. तुम्ही बाजारात होतात." आणि मग आणखी म्हणाल्या, "मला काल दुपारीच कळलं होतं. गुडघ्याला ऊब होती, आणि दुखरा पाय किंचित लांब झालाय. सूज राहिली की तिथलं हाड जास्त वाढतं. आज बोलावलं ते तुमच्यासाठी."

बाबांनी टोपी काढली आणि या वेळी परत घातली नाही.

लहान मुलांनाही संधिवात होतो, ही बातमी घेऊन आम्ही गावी परतलो. अंगातली राखण करणारी ताकद चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, असं बाईंनी समजावलं होतं. कुणाच्या खाण्यानं नाही, कुणाच्या पापानं नाही. "वांगं?" बाबांनी खास विचारून घेतलं. "खाऊ द्या," बाई म्हणाल्या, आणि बाबांचा चेहरा असा उजळला की जणू वांग्याचीच जामिनावर सुटका झाली. मोठ्या आईला हे काही पटलं नाही. पुढे मी सुधारले तेव्हा तिनं सगळ्यांना सांगितलं, बिब्ब्याचा गुण उशिरा येतो.

सुधारणं काही चुटकीसरशी झालं नाही. गुडघ्यात सुई दिली, त्यानं तो सरळ झाला. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी सुरू झाली. ती मी शनिवारी संध्याकाळी घ्यायचे, म्हणजे रविवारची मळमळ शाळा न बुडवता उरकता यायची. अधूनमधून रक्त तपासायचं. दर तीन महिन्यांनी डोळे दाखवायचे, कारण या आजारात डोळ्यांना आतून सूज येते आणि ती दुखत नाही, लालही दिसत नाही, आणि कळेपर्यंत नजर जाऊ शकते. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही. हे शेवटचं पाहुण्यांना सर्वांत जड गेलं. "आता तं चांगली हाय, कायले जहर चारता पोरीले?" बाबा म्हणायचे, "डॉक्टरीणबाई सांगंन तवा." दुखत नाही, दिसत नाही अशा डोळ्यांसाठी अमरावतीच्या चकरा मारतानाही त्यांनी एकदाही 'कायले' विचारलं नाही.

राहिली सकाळ. बाई म्हणाल्या होत्या, उठल्यावर ऊन पाण्यानं शेकायचं आणि हळूहळू व्यायाम करायचा. सकाळी बाबा घरात नसत, मार्केट तर सोडता येत नाही. त्यांनी यावर जो तोडगा काढला तो फक्त भाजीवाल्यालाच सुचेल. माझी सकाळच त्यांनी त्यांच्या सकाळच्या आधी नेऊन बसवली. साडेतीनला ते मला उठवायचे, चुलीवरच्या पाण्यात हात-पाय बुडवायला लावायचे, आणि बाईंनी शिकवलेला एकेक व्यायाम करवून घ्यायचे, एकीकडे भाजीची कॅरेट मोजत. मग मी पुन्हा झोपायचे. परत उठायचे तेव्हा अर्धंअधिक सुटलेलं असायचं. गावात मार्केटच्या माणसांबरोबर उठणारी शाळेतली मी एकटीच. त्या वेळी मी बाबांवर खूप चिडायचे. आता सांगायला हरकत नाही, तितकं प्रेम मला त्यानंतर कुणी केलेलं आठवत नाही.

सोळाव्या वर्षी बाईंनी गोळी कमी करत करत बंद केली. बरी झालीस असं त्या म्हणाल्या नाहीत. सध्या शांत आहे म्हणाल्या, परत उठला तर लगेच या, वाट बघू नका. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

पुढे मी कॉलेजसाठी अकोल्याला आत्याकडेच राहिले. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात एका सकाळी उठले तर घोटा अडलेला. थोडा वेळच. मी पलंगावर बसून राहिले. मोठी मुलगी होते, आठ वर्षांची नव्हते, तरी आधी बाबाच आठवले. आत्याला सांगितलं नाही. बाबांना फोन लावला. पलीकडून हर्राशीचा गोंगाट, अडत्याची बोली, कुणाच्या तरी नावानं शिवी.

"बाबा, काई नाई, सहज केला," मी म्हटलं. "आज उठाले जरा येळ लागला."

पलीकडे ते काहीतरी म्हणाले, पण गोंगाटात ऐकू आलं नाही, आणि फोन बंद झाला. मला वाटलं, बोली लागली असेल.

आठच्या सुमाराला दारात गाडी थांबली. मागे कॅरेट जशीच्या तशी भरलेली, वरचा सांबार थंड हवेतही मान टाकायला लागलेला. बाबा उतरले. आत्या बाहेर आली, तिनं गाडी पाहिली, मग चहाचे कप घेऊन अंगणात आलेल्या मला पाहिलं.

"दादा, तू माल टाकून आला? अन् हे तं चांगली टनटन चालून राहिली."

मला ओशाळल्यासारखं झालं. घोटा केव्हाच सुटला होता. दोन तासांचा रस्ता, सगळा माल वाया, आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. "बाबा, आता काई नाई हो," मी म्हटलं. "पाहा ना, नीट चालते मी." आणि त्यांना दिसावं म्हणून दारापर्यंत चालून गेले.

बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलंही नाही. ते गाडीच्या पुढच्या सीटवरचं पोतं काढून मला बसायला जागा करत होते.

"चालनं कायले पाहू मी?" ते म्हणाले. "तू सांगतलं ना."